केसमध्ये सोमवार होता

आम्ही मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित व विज्ञान शिकवतो. डॉक्टरीशी आमचा संबंध पेशंट म्हणूनच आलेला. तरीही वैद्यकीय शिक्षणाविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत, ते आमच्या एका विद्यार्थिनीमुळे. तिचे अब्बा कापसाच्या धुळीत, पॉवरलूमवर कामाला. ती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेली तेव्हा साऱ्या मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली होती.

गेल्या ईदला ती सलाम करायला घरी आली. शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून म्हणाली, "सर, एका पेशंटपुढे मी नापास झाले."

हकीकत अशी. वर्गात त्यांना कागदावर एक केस दिली होती. वीस वर्षे कापसाच्या धुळीत काम केलेला मजूर. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेला की छाती आवळते, दम लागतो. पुढच्या दिवसांत आराम पडतो. निदान सांगा. सारा वर्ग एका सुरात म्हणाला, बिसिनोसिस! कापसाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा आजार. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्रास वाढणे ही त्याची ओळखीची खूण.

काही दिवसांनी वॉर्डात एक पेशंट तिच्या वाट्याला आला. तो एवढेच बोलला, "खोकला आहे, दम लागतो." तिने ताप विचारला, बिडी विचारली, थुंकीची तपासणी लिहिली. ती योग्यच होती. पण काम काय करता, हे विचारले नाही. ते तिच्या शिक्षकांनी विचारले. पेशंट मालेगावचा, लूमवरचा. त्रास जास्त केव्हा होतो? "शनिवारी."

"सर, आपल्याकडे लूमला सुट्टी शुक्रवारी असते, हे मला कोणी शिकवायला हवे होते का? माझे अब्बाही शनिवारीच जास्त खोकतात. पण केसमध्ये सोमवार होता."

आम्हाला काही बोलता आले नाही.

केस समोर ठेवून शिकवणे ही कल्पना जुनी आहे. हार्वर्डमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असताना वॉल्टर कॅननने 1900 साली, कायद्याच्या शिक्षणातली ही रीत वैद्यकीतही आणावी असे सुचवले. 1969 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने तर सारे वैद्यकीय शिक्षणच समस्येभोवती रचले. पूर्वी तेथे असलेल्या हॉवर्ड बॅरोज यांनी 1986 मध्ये केसच्या निरनिराळ्या रीतींची क्रमवारी लावून दाखवली. एका टोकाला सारी माहिती गुंडाळून हातात दिलेली केस. दुसऱ्या टोकाला फक्त तक्रार. बाकीचे विद्यार्थ्याने स्वतः विचारून, तपासून मिळवायचे. बीमारी तीच, पण पहिल्या रीतीत विद्यार्थी उत्तर शोधतो, दुसऱ्या रीतीत सवाल शोधतो. पहिल्या रीतीत काय महत्त्वाचे आहे हे केस लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. म्हणजे विचाराचा अवघड भाग त्यानेच उरकलेला असतो.

पहिली रीत वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नवशिक्याला सारे एकत्र दाखवले नाही तर तो गोंधळतो. शिवाय एल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवून दिले, की एका केसमध्ये चांगले चाललेले डोके दुसऱ्या केसमध्ये चालेलच असे नाही. त्या त्या विषयाचे इल्म लागतेच. पण इल्म असूनही सवाल सुचत नसेल तर ते कागदावरच राहते. आपल्या देशात 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला पेशंटजवळ नेण्याची सोय आहे. पण तिथेही केस तयार करून हातात दिली, तर वॉर्डाचाही कागदच होईल.

ती गेल्यावर आम्ही आमचे जुने पाठटाचण काढून बसलो. बी.एड.ला याच टाचणांवर आम्हाला शाबासकी मिळाली होती. प्रत्येक उदाहरणात लागतील तेवढेच आकडे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दहावीपर्यंत आम्हीच तिला असे शिकवले. सारा दोष वैद्यकीय महाविद्यालयाच्या माथी कसा मारायचा? "सर, असे का?" म्हणणाऱ्या मुलीला "आधी लिहून घे" असे आम्हीच सांगितले होते. इल्म हासिल करा, असे आपण मुलांना नेहमी सांगतो. सवाल करणे हा त्याच इल्मचा दरवाजा आहे, हे सांगायचे राहून जाते.

हल्ली आठवड्यातून एकदा आम्ही फळ्यावर अपुरे उदाहरण लिहितो. पहिल्या दिवशी वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी भीतभीत उठली, "सर, यात एक आकडा कमी आहे." आम्ही म्हणालो, "मग विचार ना!"

आमच्या विद्यार्थिनीने अब्बांना छातीच्या तपासणीला नेले आहे. रिपोर्ट यायचा आहे. वाचकांनी दुआ करावी.