पायांवरच्या फुगलेल्या शिरा

मैत्रिणींनो, आपल्या पायांची आपल्याला आठवण होते ती रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर. सकाळी ओट्याशी उभं राहायचं, दुपारी रांगेत उभं राहायचं. माझ्यासारखी एखादी अर्धवेळ शिक्षिका असेल, तर फळ्यासमोरचे तास आणखी वेगळे. संध्याकाळी पोटऱ्या जड होतात, घोटे सुजतात आणि एक दिवस गुडघ्याखाली निळ्या, दोरीसारख्या वेड्यावाकड्या शिरा दिसू लागतात. “बायकांचे पाय दुखायचेच,” असं म्हणून आपण साडी दोन बोटं खाली नेसतो. डॉक्टर याला ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या उजव्या पायावर त्या राहूनच गेल्या. गेल्या वर्षी त्यावर उपचार झाला. त्यात जे कळलं, ते तुमच्या कानावर घालते.

पायातलं रक्त वर हृदयाकडे नेण्याचं काम शिरांचं. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात; नुसतं उभं राहिलं की ही मदत थांबते. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं आणि शीर फुगते. गरोदरपण, वाढलेलं वजन, तासन्‌तास उभं राहणं ही कारणं आहेतच. पण घराण्यातून येणारा वारसाही मोठा.

माझ्या आईला हेच होतं. तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी काळवंडली, मग खाजू लागली आणि साध्या ओरखड्याची जखम झाली. ती भरायला सात महिने लागले. मलमं झाली, पट्ट्या झाल्या; पण मुळात साचणाऱ्या रक्ताकडे कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून सांगते, हा प्रश्न दिसण्याचा नाही. अशा जखमा झालेल्या ४५० रुग्णांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्ट्यांच्या जोडीला शिरेवरही लगेच उपचार झालेल्यांपैकी निम्म्याजणांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांचा उपचार लांबवला, त्यांना ८२ दिवस लागले.

आता महत्त्वाची गोष्ट. आधी तपासणी, मग उपचार! मी प्रथम ज्या दवाखान्यात गेले, तिथे पाय नुसते पाहून “दोन्ही पायांचं लेसर करून टाकू” म्हणाले आणि खर्चाचा आकडाही हातात ठेवला. आमचे हे म्हणाले, “आणखी एका डॉक्टरांना दाखवू या.” दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी कलर डॉपलर करायला सांगितलं. ही एक प्रकारची सोनोग्राफीच. उभं करून पाय तपासतात; कुठली झडप बिघडली आहे, आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे त्यात दिसतं. माझ्या उजव्या पायाची एकच शीर बिघडलेली निघाली. डावा पाय ठणठणीत! तेव्हा डॉपलरशिवाय कोणी उपचार सुचवला, तर होकार देऊ नका.

पूर्वी जांघेत चीर देऊन ही शीर ओढून काढत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या पद्धती आल्या. सुईच्या छिद्रातून बारीक तार शिरेत सरकवतात आणि लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतून बंद करतात. औषधाचा फेस टोचून किंवा खास गोंद वापरूनही ती बंद करता येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१३ साली असा क्रम सांगितला : आधी उष्णतेचा उपचार, तो जमण्यासारखा नसेल तर फेस आणि तेही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया. आपल्याला कुठला योग्य, ते मात्र डॉपलर पाहूनच ठरतं.

“पण शीरच बंद केली, तर रक्त जाणार कुठून?” मी विचारलंच. बाई म्हणाल्या, “अहो, पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच जातं. ही बिघडलेली शीर मदत कमी आणि अडचणच जास्त करते.” बंद झालेली शीर हळूहळू शरीरातच जिरते.

मला पूर्ण भूल दिली नाही. मांडीत भुलेच्या सुया टोचल्या, तेवढंच काय ते दुखलं. तासाभरात आटोपलं, लगेच चालायला लावलं आणि संध्याकाळी मी घरी होते. पुढे दोन आठवडे मांडीत ओढल्यासारखं वाटे, काळेनिळे डागही पडले. काहींना थोडी जागा बधिर वाटते. फेसाच्या उपचारानं कातडीवर तपकिरी डाग राहू शकतात. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी क्वचितच होते, पण धोक्याची असते.

गरोदरपणी हा उपचार सहसा करत नाहीत. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ शिरा आपोआप ओसरतात. पूर्वी गुठळी झाली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. विमा असेल तर खर्च मिळतो का, तेही आधी विचारा. आणि पुढे दुसरी एखादी शीर फुगू शकते, हेही लक्षात असू द्या.

घरी काय करता येईल? ओट्याशी उभ्या असताना अधूनमधून टाचा उचला. दुपारी पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून पडा. दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावेत. पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच. शीर फुटून रक्त आलं तर घाबरू नका, आणि वर घट्ट दोरी तर मुळीच बांधू नका. आडवं व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडानं जोरात दाबून ठेवा आणि मग दवाखान्यात जा.

घरात आईला किंवा मावशीला हा त्रास असेल, तर मुलींनाही सांगून ठेवा. माझी मुलगी अजून लहान आहे. पण माझा डॉपलरचा कागद मी तिच्यासाठी म्हणून जपून ठेवला आहे.