शिल्लक पुढे ओढताना

बार्शी तालुक्यातील आमचा वडिलोपार्जित वाडा गतवर्षी उतरविण्याचे ठरले. ठेकेदाराने यंत्र लावून चार दिवसांत जागा मोकळी करून देण्याचे कबूल केले आणि जुन्या मालाची उक्ती किंमतही सांगितली. मी व धाकट्या बंधूंनी होकार दिला होता. वास्तुकलेचे शिक्षण घेणारी माझी नात मात्र म्हणाली, ‘‘आजोबा, आठ दिवस द्या. पाडण्यापूर्वी मोजून तरी घेऊ.’’

ती तीन सहाध्यायांसह आली. तुळया, खांब, कडीपाट, दारे, जोत्याचे घडीव दगड, प्रत्येकाला क्रमांक. पुढे माप, स्थिती आणि संभाव्य उपयोग. ती वही पाहून मी चमकलो. कर्जदारांच्या गोदामात जाऊन आयुष्यभर मी असाच साठा तपासला होता. स्वतःचा वाडा हाही साठाच आहे, हे मात्र कधी सुचले नाही. जुन्या बांधकामावर घसारा लावत त्याचे मूल्य शून्यावर आणण्याची आम्हा बँकवाल्यांची सवय!

तिने हातोडी घेऊन एक धडा दिला. चुन्यातील वीट हलक्या ठोक्याने अखंड सुटते, कारण चुना विटेहून मऊ. सिमेंटमध्ये मात्र सांधा सुटण्याआधी वीटच फुटते. अशा राडारोड्याचीही खडी होते. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली आहे. ‘‘पण तो शेवटचा मार्ग,’’ ती म्हणाली, ‘‘आधी अखंड वस्तू अखंडच वापरायची.’’

हाताने उतरविण्यास तीन आठवडे लागले. मजुरी वजा जाता हाती आलेली रक्कम ठेकेदाराच्या आकड्याहून कमीच भरली. बंधू नाराज झाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग नातीने वहीतील उरलेली पाने त्यांच्यापुढे ठेवली. नव्या घरासाठी राखलेल्या सोळा तुळया आणि चार हजार विटा आम्ही हिशेबात धरल्याच नव्हत्या. त्या नव्याने घ्यायच्या तर काय पडले असते, हे बंधूंनी स्वतःच मांडले. शेवटी एका नोंदीवर त्यांचे बोट थांबले : ‘क्र. ४१, पेढीचा उंबरा, सागवान, सुस्थितीत.’

‘‘दादा, हा माझ्या दुकानाला लावू,’’ ते म्हणाले.

आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे आज ना उद्या उतरतील. ठेकेदाराशी बोलण्यापूर्वी घरातील मुलांच्या हाती एक कोरी वही अवश्य द्यावी. वर्षअखेरीस शिल्लक पुढे ओढल्याशिवाय आपण खाते बंद करीत नाही. मग घराचेच का करावे?