काकांची टेबलं, काकूंची नाती

ऑफिसमध्ये कोणी रिझाइन केलं की त्याची खुर्ची एकाला मिळते, डेस्कवरचं मनी प्लांट दुसऱ्याला मिळतं आणि त्याने बनवलेली, फक्त त्यालाच कळणारी फाइल हमखास आपल्या गळ्यात पडते. तुमच्याही पडली असेल. जाताना तो म्हणतो, "काही नाही गं, उघडलीस की कळेल." उघडतो. कळत नाही. फोन लावावा तर साहेब नव्या कंपनीच्या इंडक्शनमध्ये!

माझ्या गळ्यात पडलेली फाइल मात्र ऑफिसची नव्हती आणि ज्यांची होती त्यांना फोन लावण्याची सोय उरली नव्हती. गेल्या वर्षी काका गेले. घनसावंगीला त्यांचं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, रांजणी, जांब समर्थ, सगळीकडची गिऱ्हाइकं. हा धंदा उधारीवर चालतो. जूनमध्ये कपाशीची पाकिटं न्यायची, दिवाळीनंतर कापूस विकला की पैसे द्यायचे. मधले पाच-सहा महिने दुकानदार आणि शेतकरी यांच्यात असतो तो फक्त शब्द. आणि काकांच्या दुकानात २००६ पासून 'उधारी' नावाची एक अॅक्सेसची फाइल.

ती बनवली होती तालुक्यातल्याच एका कॉम्प्युटर क्लासवाल्या पोराने. तो पुढे नोकरीला लागून कुठे गेला कोणाला माहीत नाही. काकांनी मात्र ती शेवटपर्यंत वापरली. दुकान आता धाकटा चुलतभाऊ बघतो. खरीप तोंडावर आलेला, कंपन्यांना आगाऊ पैसे भरायचे होते, म्हणून जुनी उधारी वसूल करायला त्याने फाइलमधून यादी काढली आणि मला फोन केला. "ताई, तू पुण्यात दिवसभर डेटाच बघते ना? एकदा नजर टाक. मग व्हॉट्सअॅपवर एकेकाला पाठवून देतो."

मी म्हटलं, पाठवू नकोस, मी येते. जालन्याला उतरून अंबडमार्गे घनसावंगी. सोबत लॅपटॉप, चार दिवसांची रजा आणि काकूंना आवडतो म्हणून चितळ्यांचा चिवडा.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, एक्सेल येतं त्याला हेही येतं. एक्सेलमध्ये सगळं एकाच लांबलचक शीटवर असतं. अॅक्सेसमध्ये ते वेगवेगळ्या टेबलांत मांडतात. मायक्रोसॉफ्टने हे सॉफ्टवेअर १९९२ मध्ये बाजारात आणलं आणि त्यामागची कल्पना त्याहून जुनी, आयबीएममधल्या एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या पेपरातली. एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकी सगळीकडे तिचा नंबर द्या. गिऱ्हाइकाचं नाव-गाव एका टेबलात एकदाच. बिलात नाव नाही, नुसता खातेनंबर. (गंमत म्हणजे 'रिलेशनल'मधलं 'रिलेशन' हे टेबलांमधलं नातं नव्हेच. कॉड यांच्या गणिती भाषेत टेबलालाच रिलेशन म्हणतात. पण हे आता कोण ऐकतंय!)

जुनी फाइल हातात आली की लोक आधी डेटा बघायला धावतात. मी आधी 'रिलेशनशिप्स' नावाची खिडकी उघडते. तिथे टेबलांचे चौकोन दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला आडवा आठ, म्हणजे अनंताचं चिन्ह, असेल तर समजायचं की हे नातं पक्कं आहे: एका बिलात कितीही माल, पण बिलाशिवाय माल नाही. नुसतीच रेघ असेल तर ते नातं तोंडी. अॅक्सेस त्यावर पहारा ठेवत नाही. काकांच्या फाइलमध्ये 'बिल' आणि 'बिलमाल' यांच्यात १ आणि अनंत होतं. 'गिऱ्हाईक' आणि 'बिल' यांच्यात नुसती रेघ. 'जमा'चीही तीच तऱ्हा. आणि एका कोपऱ्यात, कोणालाच न जोडलेलं, 'टेबल७'. त्यात दोनच कॉलम, 'अ' आणि 'ब'. दोन्हींत नुसते आकडे. ६३ ओळी.

ते बाजूला ठेवलं. आधी यादी. यादीत नावं होती, पण जुन्या मराठी फॉन्टमधली. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट म्हणजे तो मशीनवर नसेल तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. शिवाय एकाच नावा-आडनावाचे तीन जण. चुलतभाऊ त्यातले दोन 'डुप्लिकेट' म्हणून उडवायच्या बेतात होता. बिलाच्या टेबलात दिसतं नाव, पण आत साठवलेला असतो नंबर. 'लूकअप' म्हणतात त्याला आणि माझ्या मते अॅक्सेसमधली ही सगळ्यात फसवी सोय आहे. दिसायला सारखी तीन नावं, आत तीन वेगळे नंबर, तीन वेगळी गावं.

मी यादी मोठ्याने वाचत होते. काकू समोर गहू निवडत बसल्या होत्या. एका नावाला मी "सोळा हजार" म्हटलं आणि त्यांचा हात थांबला.

"आगं, त्यो माणूस सोळा हजार ठिवनारच न्हाई. पोळ्याला दोन, दिवाळीला दोन, आसं देतच ऱ्हातो."

"काकू, कॉम्प्युटर म्हणतोय."

"म्हनू दे."

मग त्या एकाच खात्याची कच्ची बेरीज केली. दोन बिलं, ४,००० आणि ६,००० ची. जमा तीन वेळा: २,०००, २,००० आणि ३,०००. म्हणजे येणं १०,०००, आलेले ७,०००, बाकी ३,०००. मग सोळा आले कुठून?

ही भानगड तुम्हाला ऑफिसातही कधीतरी भेटेल, म्हणून जरा नीट सांगते. भावाने गिऱ्हाईक, बिल आणि जमा ही तीन टेबलं एकाच क्वेरीत खातेनंबरावर जोडली होती. पण बिलाचं आणि जमेचं एकमेकांशी थेट नातं नाहीच, दोघांचं नातं गिऱ्हाइकाशी. अशा वेळी अॅक्सेस प्रत्येक बिलासमोर प्रत्येक जमा मांडतं. दोन बिलं, तीन जमा, म्हणजे सहा ओळी. बिलं तिप्पट झाली, ३०,०००. जमा दुप्पट, १४,०००. वजाबाकी सोळा हजार! एररचा मेसेज नाही, लाल रंग नाही, काही नाही. आणि जो माणूस थोडे थोडे करून जास्त वेळा पैसे देतो, त्याचीच बिलं जास्त पटींनी फुगणार. उपाय सोपा आहे. बिलांची बेरीज एका क्वेरीत, जमेची दुसऱ्या क्वेरीत आणि मग त्या दोन बेरजा शेजारी आणायच्या. नवी यादी काढली तेव्हा एकूण येणं निम्म्याच्याही खाली आलं. भाऊ गप्प झाला. व्हॉट्सअॅप गेलं असतं तर ज्यांनी वेळेवर पैसे दिले त्यांनाच थकबाकीदार ठरवून बसलो असतो. तालुक्याच्या बाजारात शेजारीशेजारी चार दुकानं असतात. गिऱ्हाईक भांडायला येत नाही, पुढच्या दुकानात जातं.

उरलं 'टेबल७'. आकडे २० पासून ४०० च्या वर, मध्येमध्ये गाळलेले. गिऱ्हाइकांचे खातेनंबरही असेच विस्कळीत होते. सुरुवात ९ पासून, मग १४, मग १७. कॉम्प्युटरने आपोआप दिलेले नंबर असे नसतात. काकूंना विचारलं तर त्या उठल्या आणि माळ्यावरून लाल कापडी बांधणीची खतावणी घेऊन आल्या. प्रत्येक खात्याचं पान. एकाला तीन पानं लागली, एकाला पाच, म्हणून नंबर उड्या मारतात. क्लासवाल्या पोराने खतावणीचं पान हाच खातेनंबर धरला होता. मला त्या पोराचं कौतुक वाटलं. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीसमोर 'खा.पा.', म्हणजे खातेपान लिहायची पद्धत आपल्याकडे आहेच. एका वहीतून दुसऱ्या वहीत बोट दाखवणारा नंबर. अॅक्सेसवाले त्याला 'फॉरेन की' म्हणतात, एवढाच फरक.

मग 'अ' आणि 'ब' दोन्ही खातेपानंच असणार. जोडून बघितलं, नावं आली. म्हणजे गिऱ्हाइकाला गिऱ्हाईकच जोडलेलं. एका 'अ'ला दोन 'ब', एका 'ब'ला पाच-सहा 'अ'. याला मेनी-टू-मेनी म्हणतात आणि इंजिनिअर मुलंही इथे अडखळतात. गावाकडच्या माणसाला मात्र ते सातबारा आणि आठ-अ यांच्यामुळे पाठ असतं. एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. सातबारा जमिनीकडून बघतो, आठ-अ माणसाकडून. पण इथे दोन्हीकडे माणसंच.

"काकू, हे दोघं कोण एकमेकांचे? मेव्हणे?"

"कुठले मेव्हने! बांधाला बांध हाय त्यांचा."

"आणि हे?"

"ह्यो त्याच्याकडं सालानं व्हता."

तिसरी जोडी बटईची. चौथी एका दिंडीतली. मी दहाएक जोड्या वाचल्या आणि मग काकूच म्हणाल्या, "नातं बघू नको. 'ब'च्या शब्दावर 'अ'ला उधारी दिली, आसं हाय ते." जामीन! ना स्टॅम्प, ना सही. दुकानात दुसऱ्याला सोबत घेऊन यायचं आणि म्हणायचं, मी हाय ह्याच्या मागं. काकांनी ते टेबलात टाकून ठेवलं होतं.

अॅक्सेसमध्ये एक 'फाइंड अनमॅच्ड' नावाचा विझार्ड आहे. एका टेबलात नंबर आहे, पण दुसऱ्यात त्या नंबराचा माणूसच नाही, अशा अनाथ ओळी तो शोधतो. तो चालवला. 'अ' सगळे सापडले. 'ब'मधल्या चार जणांचा पत्ता नाही. तिघांची एकेक ओळ. खतावणीत बघितलं तर तिघंही वारलेले. चौथा, ११७ नंबर. त्याच्या ११ ओळी.

११७ वं पान काकूंनी उघडलं आणि बराच वेळ वाचत बसल्या. त्यांच्या सख्ख्या भावाचं खातं होतं ते.

२०१२ ला पाऊस गेला. जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या त्या वर्षीची गोष्ट. भावाच्या शब्दावर त्याच्या गावच्या अकरा जणांना काकांनी खत-बियाणं दिलं होतं. पीक आलं नाही, पैसे आले नाहीत. भाऊ आणि काका यांच्यात काय बोलणं झालं ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढंच कळलं की तेव्हापासून राखीपौर्णिमेला येणं-जाणं बंद. भावाने स्वतःचं खातं चुकतं करून टाकलं होतं. काकांनी त्याचं नाव गिऱ्हाइकांच्या टेबलातून काढलं. नातं पक्कं केलेलं असतं तर अॅक्सेसने अडवलं असतं, याच्या अकरा ओळी आहेत, काढता येणार नाही म्हणून. किंवा 'कॅस्केड डिलीट'ची खूण असती तर नावाबरोबर त्या अकरा ओळीही पुसल्या असत्या. दोन्ही नव्हतं. म्हणून नाव गेलं आणि ओळी राहिल्या.

"त्याला काढलं ह्यांनी," काकू म्हणाल्या, "त्याच्या मानसांना न्हाई काढलं."

हिशेब बघितला तर ते खरंच होतं. अकरापैकी नऊ जणांना काकांनी २०१२ नंतरही माल दिलेला होता. मधल्या दुष्काळातसुद्धा.

चुलतभावाचा प्रश्न व्यवहाराचा होता आणि चुकीचाही नव्हता. "मग यांच्याकडून मागायचे की नाही?" कायद्याने बघायचं तर मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायला तीन वर्षं आहेत. ती कधीच उलटली. आणि २००८ ची कर्जमाफी असो, २०१७ ची की २०१९ ची, ती बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाला. दुकानाच्या उधारीला माफी द्यायची तर ती दुकानदारानेच. म्हणजे हातात पुन्हा शब्दच.

काकूंनी विचारलं, "त्याचं नाव परत टाकता येतं का?"

येतं. गिऱ्हाइकांच्या टेबलात ११७ नंबराची ओळ घातली, नाव काकूंनी सांगितलं, मी टाइप केलं. तिघा वारलेल्यांचीही नावं परत टाकली आणि नावापुढे 'मयत' असा एक कॉलम केला; माणूस गेला तरी त्याने दिलेला शब्द टेबलात आहे, तर तो कोणाचा हे कळायला हवं. मग 'टेबल७'ला 'शब्द' असं नाव दिलं, गिऱ्हाइकांशी दोन्ही बाजूंनी जोडलं आणि 'एन्फोर्स'वर टिक केलं. या वेळी अॅक्सेसने कुरकुर न करता ती घेतली. फाइल आता नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली आहे, जुनी पेनड्राइव्हवर आणि नावं हळूहळू युनिकोडमध्ये आणायचं काम भाऊ करतोय.

अकरा जणांची यादी काकूंनी कागदावर मागून घेतली. बेरीज ४१ हजारांची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भावाला फोन लावला. मी ओसरीवर होते, बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. पैशाचा विषय पहिली वीस मिनिटं तरी निघाला नाही.

मी पुण्याला आल्यावर पंधरा दिवसांत तीन जण दुकानात येऊन हिशेब करून गेले. त्यातल्या एकाने जुनी चिठ्ठी आणली होती, काकांच्या अक्षरातली, २०१३ मध्ये २,००० रुपये भरल्याची. आमच्या 'जमा' टेबलात ती नोंद नव्हती. भावाने मला विचारायला फोन केला, पण मी उचलायच्या आतच त्याने ती घातली होती.