राहून गेलेला परिच्छेद

नाट्यपरीक्षण लिहिणाऱ्या माणसाला आपण काय लिहिले यापेक्षा आपण काय लिहिले नाही, याचीच आठवण अधिक छळते, असा आमचा अनुभव आहे. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत आम्ही कित्येक वर्षे हौशी नाटकांची परीक्षणे लिहिली. त्यांतली बहुतेक आम्ही विसरलो आणि वाचकही विसरले. पण 1979 सालच्या गणेशोत्सवानंतर लिहिलेले एक परीक्षण मात्र आमच्या मनातून जात नाही. ते वाईट नव्हते. उलट, त्याची तारीफच झाली. त्यात एक परिच्छेद कमी होता, एवढेच.

त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या मंडळाने वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य करायचे ठरविले. 1965 साली रंगभूमीवर आलेल्या या लोकनाट्याने दादा कोंडके हे नाव घरोघरी नेले होते. तरीही आमच्याकडे ते बसविण्यावरून वाद झाला. गणपतीपुढे 'सौभद्र' चालते, 'शारदा' चालते, मग ढोलकी का चालू नये, असे तरुणांचे म्हणणे. चालेल, पण मैनावती कोण करणार, असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न. परप्रांतात राहणाऱ्या समाजाला आपल्या अब्रूची जरा जास्तच काळजी असते. शेजारचे लोक आपल्याकडे पाहून 'मराठी असे असतात' म्हणणार, हे ओझे घेऊनच आपली मुले रंगमंचावर चढतात.

अखेर एका शाळामास्तरांची मुलगी पुढे आली. तिचे नाव येथे देत नाही. वय एकोणीस-वीस. गाणे तिच्या घरातच होते. नाच मात्र ती कोठे आणि केव्हा शिकली, हे तिच्या आईखेरीज बहुधा कोणालाच ठाऊक नसावे.

प्रयोग रंगला. दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाच्या त्रैमासिकासाठी परीक्षण लिहावयास बसलो. हवालदारावर दोन परिच्छेद झाले, ढोलकीवाल्यावर चार ओळी झाल्या. मग त्या मुलीकडे वळलो. 'गळा गोड, वाणी शुद्ध, शब्दोच्चार स्वच्छ. नाट्यसंगीताची उत्तम जाण' असे लिहिले आणि लेखणी थांबली. आता नाचाबद्दल लिहावयाचे. मनात शब्द गर्दी करून उभे होते. पण डोळ्यांपुढे मास्तर आले. मुलगी उपवर. उद्या कोणी स्थळ येईल, हा अंक त्यांच्या हाती पडेल. आम्ही परिच्छेद तेथेच संपविला आणि आपण मोठा विवेक दाखविला, अशा समाधानात झोपलो.

अंक निघाल्यावर मास्तर स्वतः घरी आले. "फार चांगलं केलंत. नाचाचं काही लिहिलं नाहीत, ते बरं झालं," असे म्हणून त्यांनी आमचा हात हातात घेतला. त्याच आठवड्यात देवळाच्या पायऱ्यांवर ती मुलगी भेटली. हातात तोच अंक. नेहमीसारखी हसली नाही. "दादा, मी नाचले नव्हते का?" एवढेच तिने विचारले. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. जागेची अडचण सांगितली. तिने मान हलविली आणि ती चालू लागली.

पुढे अनेक वर्षे आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत राहिलो. आपल्या नाट्यसमीक्षेला गळा दिसतो आणि पाय का दिसत नाहीत?

त्याचे मूळ आपल्या संगीत नाटकाच्या घडणीतच असावे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. अण्णासाहेब मूळचे आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या शकुंतला-सुभद्रेला ज्यांच्या गळ्याने कीर्ती मिळवून दिली ते भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. म्हणजे या वैभवात सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी माणसांचा वाटा पहिल्यापासून आहे. या नाटकाने मराठी मध्यमवर्गाला एक मोठी सोय करून दिली. पदे ऐकावीत, तानांना दाद द्यावी, 'वन्स मोअर' घ्यावेत, आणि तरीही आपण तमाशाला बसलो नाही, असे म्हणता यावे. गाणे घरंदाज झाले. नाच मात्र फडावरच राहिला. त्याच्याबरोबर तो नाचणाऱ्या स्त्रियाही तेथेच राहिल्या.

यातली विसंगती आम्हाला फार उशिरा उमगली. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंसांनी, 1905 साली शकुंतला म्हणून रंगभूमीवर पाऊल टाकले, तेव्हापासून त्यांच्या गळ्याइतकीच त्यांची चाल, त्यांची मान वळविण्याची लकब, शालूचा पदर सावरणे, ही सारी जाणत्या रसिकांनी वाखाणली. आमच्या आजोबांच्या पिढीतले गृहस्थ त्यांच्या बसण्या-उठण्याचे वर्णन करताना थकत नसत. त्यांच्या साड्यांचे आणि दागिन्यांचे अनुकरण कुलीन घरांतल्या स्त्रिया करीत. हे योग्यच होते, कारण ती कला अस्सल होती. पण पाहा, स्त्रीवेषातल्या पुरुषाच्या अंगविक्षेपांवर पानेच्या पाने लिहिण्यात कोणाला संकोच वाटला नाही. संकोच वाटला तो खऱ्या स्त्रीच्या पावलांबद्दल. 'विच्छा'चे परीक्षण लिहिताना आमची लेखणी थांबली ती ह्याच जुन्या संकोचाने. विवेक हे त्याला आम्ही दिलेले नाव होते.

आणि जिने हा संकोच बाळगलाच नाही, तिच्या वाट्याला काय आले? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर 1935 साली पंढरपुरात जन्मली ती तमाशाच्या घराण्यातच. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापू हा फड नामांकित. तिने गायिले, ती नाचली, वगांतून भूमिका केल्या, फड सांभाळला. 1957 आणि 1990 मध्ये तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. तिच्याविषयी जी हकीकत सर्वत्र सांगितली जाते ती अशी की, दिवस भरले असताना ती बोर्डावर उभी होती. कळा सुरू झाल्या तशी ती आत गेली, मुलाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा नाचण्यासाठी बाहेर आली. तेव्हा कोठे पुढे बसलेल्या माणसांना काय घडले ते कळले आणि खेळ थांबला. ही हकीकत ऐकून आपण सारे हळहळतो. पण तिची लावणी कशी होती, ढोलकीशी तिचे नाते कसे होते, हे विचारले तर आपल्यातले किती जण सांगू शकतील? शेवटची वर्षे तिने हलाखीत काढली. 2002 साली ती गेली. पुढे महाराष्ट्र शासनाने तिच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार ठेवला. पुरस्कार हवेतच. पण कलावंताच्या सोसण्याची तारीफ ही त्याच्या कलेची तारीफ नव्हे. कलेची तारीफ करावयाची तर आधी ती नीट पाहावी लागते.

पाहू लागल्यावर आम्हाला काय दिसले, ते थोडक्यात सांगतो. गाता-गाता नाचणे म्हणजे गाणे अधिक नाचणे अशी बेरीज नव्हे. दोहोंना श्वास एकच. पायांनी तो खर्च केला की गळ्याला उरत नाही. लावणीच्या रचनेने यावर तोड काढली आहे. मुख्य गाणारी ओळ टाकते, झीलकरी ती उचलून धरतात, आणि तेवढ्या अवधीत तिला श्वास आणि पावले दोन्ही मिळतात. झील म्हणजे केवळ मागचा आवाज नव्हे, ती नाचणारीची विश्रांती आहे. आणि ती विश्रांती आहे असे प्रेक्षकाला मुळीच वाटू न देणे, ही तिची कला आहे. ढोलकीवाला बोल टाकतो, ती चाळांनी उत्तर देते. त्या सवालजवाबात कोण पुढे आणि कोण मागे, हे समेवर येईपर्यंत कळू नये. शिवाय डोळे, भुवया, बोटे यांनी शब्दांचा अर्थ सांगायचा असतो तो वेगळाच. बैठकीच्या लावणीत तर कलावती बसूनच सारा भाव उभा करते. हे सारे ज्याने पाहिले, त्याने 'गळा गोड' एवढे लिहून थांबणे हा अन्याय आहे.

2016 साली एका लग्नात ती मुलगी (आम्ही तिला अजून मुलगीच म्हणतो) इतक्या वर्षांनी पुन्हा भेटली. 1981 साली लग्न होऊन ती जबलपूरला गेली होती. आता केस पांढरे, सोबत नातवंडे. मांडवात मुली कोणत्याशा गाण्यावर नाचत होत्या. ती खुर्चीवर बसली होती आणि तिचा उजवा पाय जमिनीवर ताल धरून होता. मास्तरांची आठवण निघाली तशी म्हणाली, "तुमच्या लेखाचं कात्रण बाबांनी जपून ठेवलं होतं. सोयरिकीच्या वेळी पत्रिकेबरोबर तेही दाखवलं. मुलगी गाते, हे सासरी कळलं. नाचते हे कधी कळलंच नाही. तुमच्या लेखात नव्हतं ना!" हे ती हसत म्हणाली. रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर आम्हाला सोपे गेले असते.

"मग पुढे कधीच नाचला नाहीत?" आम्ही विचारले. नकळत अहो-जाहो तोंडून निघून गेले.

"स्वयंपाकघरात. दार लावून," ती म्हणाली.

ती आमच्या लेखामुळे नाचायची थांबली, असे म्हणणे हा पुन्हा आमचाच अहंकार होईल. तिला थांबविणारी कारणे मोठी होती आणि पुष्कळ होती. पण त्या कारणांच्या बाजूने एक छापील साक्ष आम्ही दिली, हे नाकारता येत नाही. म्हणून तो राहून गेलेला परिच्छेद आज लिहून देत आहोत. आठवण जुनी आहे, पण जे लिहीत आहोत ते डोळ्यांनी पाहिलेले आहे.

'मैनावतीच्या भूमिकेत या कलावतीने गाणे आणि नृत्य यांचा जो मेळ घातला, तो आमच्या मंडळाच्या रंगमंचावर यापूर्वी आम्ही पाहिला नव्हता. पहिल्या प्रवेशातच तिने पाठमोरे उभे राहून केवळ चाळांनी प्रेक्षागृह शांत केले. गातानाची तिची पावले लहान आणि नेमकी होती. झील सुरू झाली की ती मोठी होत. शेवटच्या लावणीत तिने लय किंचित घाईने वाढविली आणि ढोलकीवाल्याला मागून यावे लागले, हा दोष नोंदविला पाहिजे. पण समेवर ती अशी थांबली की टाळी पडावयासही क्षणभर उशीर झाला. तिचे नृत्य शिकलेले आहे, विचारपूर्वक केलेले आहे. ते तिने पुढेही चालू ठेवावे.'

जबलपूरला हा अंक जातो. जुने कात्रण अद्याप असेल, तर हे त्याला जोडून ठेवावे, ही विनंती.