बोलतो, पण ऐकत नाही

रास्पबेरी पायला ना मॉनिटर जोडलेला, ना कीबोर्ड, नेटवर्कही बंद. अशा वेळी त्याच्याशी बोलायला उरतात तीन वायरी. सहा नंबरच्या पिनवर ग्राउंड, आठवर बोर्डाची पाठवणारी, दहावर घेणारी. दुसऱ्या टोकाला लॅपटॉपच्या यूएसबीत खोचलेला छोटासा अडॅप्टर, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो तसा. वेग १,१५,२०० बॉड. वीज दिली की कर्नलच्या ओळी भराभर वाहू लागतात आणि लॉगिनपाशी येऊन थांबतात. आपण नाव टाइप करतो. पडद्यावर काहीच उमटत नाही.

पूर्ण शांततेपेक्षा ही अवस्था मला जास्त फसवी वाटते. इतकं सगळं नीट दिसतंय म्हटल्यावर जोडणी बरोबरच आहे, असं मन ठरवून मोकळं होतं. खरं तर त्या ओळींनी ग्राउंड, वेग आणि तिकडून इकडे येणारी वायर एवढ्याचीच खात्री दिलेली असते. इकडून तिकडे जाणाऱ्या वायरीबद्दल त्या चकार शब्द काढत नाहीत.

कन्सोलवर आपण दाबलेलं अक्षर थेट पडद्यावर येतच नाही. ते वायरीतून बोर्डावर जातं, तिथला लिनक्स ते घेतो, उलट पाठवतो आणि मगच ते आपल्याला दिसतं. आपण टाइप केलेलं आणि पडद्यावर उमटलेलं प्रत्येक अक्षर ही रजिस्टर पत्राची पोचपावती असते. (पासवर्डच्या वेळी ही पोच मुद्दाम बंद ठेवलेली असते, तिथे काही न दिसणंच बरोबर.) पोच आली नाही, तर पत्र कुठे अडलं हे आपल्या दारापासून शोधत जावं.

बोर्ड सोडवा. अडॅप्टरची पाठवणारी आणि घेणारी पिन एका वायरीने एकमेकींना जोडा आणि टाइप करा. अक्षर परत आलं, तर आपली बाजू स्वच्छ; मग दहा नंबरची पिन आणि तिची वायर तपासायची. नाही आलं, तर बोर्डाचा काही संबंधच नाही. लॅपटॉपवरच्या मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा आधीपासून चालू असतं. पलीकडून ‘पाठव’ असा इशारा येईपर्यंत ते थांबून राहतं, आणि तो इशारा आणणारी वायर आपल्या तीन वायरींत नसतेच. अक्षर लॅपटॉपबाहेर पडतच नाही. लोक मात्र बोर्डाचं एसडी कार्ड पुन्हा लिहितात, बोर्ड बदलतात. निर्दोष बोर्डावर असा ठपका आलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. कंट्रोल-ए, मग ओ, सीरियल पोर्ट सेटअप, एफ: एवढ्यात ते बंद होतं.

पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. अडॅप्टर ५ व्होल्टवर राहिला, तर बोर्डाची घेणारी पिन कायमची जाऊ शकते, आणि मग कुठल्याही सेटिंगने तो बोर्ड ऐकू लागत नाही. म्हणून वायर लावण्याआधी अडॅप्टरवरचा व्होल्टेजचा जंपर एकदा डोळ्यांनी बघून घ्या.