उत्तर कोणी द्यावे?

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होतो. १९४७ च्या १५ एप्रिलला ब्रुकलिन डॉजर्स संघातून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. कृष्णवर्णीयांस त्या श्रेष्ठ संघांत सुमारे ६० वर्षे मज्जाव होता. आठवडाभरातच फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापकाने व खेळाडूंनी त्याच्या वर्णावरून त्याजवर शिव्यांचा भडिमार केला. प्रत्युत्तर न करण्याचे वचन त्याने आपल्या संघाचे चालक ब्रँच रिकी यांस दिले होते. तो ओठ मिटून खेळला. २२ एप्रिलच्या त्या सामन्यातील एकुलती एक धाव त्यानेच काढली.

ही हकीगत वर्गात सांगताच मुलांत दोन तट पडले. कोणी म्हणे, हेच शौर्य. कोणी म्हणे, अशा मौनाने अन्याय पोसतो. आम्ही निवाडा दिला नाही. आमचे मन एडी स्टँकीपाशी घोटाळत होते. रॉबिन्सनच्या या गोऱ्या सहकाऱ्याने अखेर त्या शिवराळांस खडसावले. त्यास तर वचनाचे बंधन नव्हते!

बंधन आम्हांसही नव्हते. कॉलेजात असता एका क्रिकेटच्या सामन्यात प्रेक्षकांनी एका गोलंदाजाच्या जातीवरून आरोळ्या ठोकल्या. आम्ही ओरडलो नाही, हसलो मात्र. त्याने एकवार वळून आमच्याकडे पाहिले. वर्गात तो आमच्याच बाकावर बसत असे.