वरण, उसळ आणि माझी एक्सेल शीट

बाबांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला, डॉक्टर म्हणाले 'क्रॉनिक किडनी डिसीज, तिसरी स्टेज', आणि त्या रात्री मी मला येतं तेच केलं. एक्सेल उघडलं.

प्रोटीनचा किडनीवर ताण पडतो, एवढं वाचलेलं. मग काय! सोयाबीन लाल, मटकी लाल, हरभरा लाल, तूरडाळसुद्धा लाल. प्रिंटआउट काढून फ्रिजवर लावला आणि आईला सांगितलं, "आजपासून डाळ-उसळ बंद."

तीन महिने बाबा भात नि दुधीभोपळा जेवले. एक शब्द बोलले नाहीत. वजन चार किलो उतरलं, जिन्यात मध्येच थांबायला लागले. मला वाटलं, आजार वाढतोय.

मग आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी शीट पाहिली. "कोणी केलं हे?"

"मी." (शाबासकीची अपेक्षा होती :))

"मग ते खातात काय?"

त्यांनी गणित मांडलं. २०२४ च्या केडिगो मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसऱ्या ते पाचव्या स्टेजला, डायलिसिस नसेल तर, प्रोटीन दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅम. बाबा ६० किलो, म्हणजे ४८ ग्रॅम. माझ्या शीटनं जेमतेम ३० दिले होते. शरीर स्नायू खात होतं. (डायलिसिस सुरू झालं की उलट प्रोटीन वाढवावं लागतं.)

३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रोटीन, तेवढ्याच सोयाबीनमध्ये अकराच्या आसपास. म्हणजे सोयाबीन विष नाही, फक्त वाटी लहान. कडधान्यांतला फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारं एन्झाइम आपल्या आतड्यात जवळपास नसतंच, त्यामुळे तो कमी शोषला जातो. पाकीटबंद पदार्थांत घातलेलं फॉस्फेट मात्र बहुतेक सगळं शोषलं जातं. आणि बाबांची चहाबरोबरची पाकिटं माझ्या शीटमध्ये हिरवी होती!

बाबांचं पोटॅशियम वरच्या सीमेला टेकलेलं. म्हणून डाळ-कडधान्य भिजवायचं, भरपूर पाण्यात शिजवायचं आणि दोन्ही पाणी ओतून द्यायचं. हे ऐकून आई हबकली. जन्मभर पुरणाच्या डाळीचा कट जपून आमटी करणारी बाई ती! "पाणी टाकायचं? त्यातच तर सगळं सत्त्व!" बाई हसून म्हणाल्या, "तेच तर टाकायचंय."

घरी येताना मी बाबांना विचारलं, "तुम्ही एकदाही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय."

गाडी चालवत होतो म्हणून बरं, त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

असो. ही आकडेमोड बाबांच्या रिपोर्टची आहे, तुमच्या घरच्यांची वेगळी असेल. कृपया कॉपी-पेस्ट करू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री बाबांनी वरणभात खाल्ला. मोजून एक वाटी. वाटी बोटानं पुसून घेतली. फ्रिजवरचा कागद आईनं कधी काढला, कळलंही नाही.